हरणार हे माहीत असताना : आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाचं नाव मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही. मालाड-कांदिवलीकडच्या वाचणाऱ्यांना ते कळेलच, इतरांना कळून उपयोग नाही. माझं भांडण वाचनालयाशी नाही. शाळकरी वयापासून मी तिथे पुस्तकं बदलतोय. मागच्या खोलीतल्या कोणत्या पंख्याखाली बसलं की मानेवर धूळ पडते, हेसुद्धा मला पाठ आहे. भांडण तुमच्या एका निर्णयाशी आहे. तो निर्णय तुम्ही चारचौघांत जाहीर केलात, तेव्हा उत्तरही चारचौघांतच देतो.

मंगळवारी रात्री दहा चाळीसला सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. ‘अपरिहार्य कारणास्तव शनिवारचे व्याख्यान रद्द करण्यात येत आहे. त्याऐवजी गुडघेदुखी आणि आहार या विषयावर मार्गदर्शन होईल.’ खाली दोन जोडलेले हात आणि एक गुलाब.

रद्द झालेलं व्याख्यान माझं होतं. विषय ‘हरणार हे माहीत असताना : हुकूमशाहीत निवडणूक लढवणारे विरोधी पक्ष’. मानधन नव्हतंच, नारळ आणि एक पुस्तक. पत्रकं छापून झाली होती. दूधवाल्याच्या काउंटरवर, पोळीभाजी केंद्रात आणि स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मी ती स्वतः ठेवून आलो होतो. बुधवारी सकाळी तीच पत्रकं परत गोळा करत फिरलो. झेरॉक्सवाला म्हणाला, ‘सर, मागची बाजू कोरी आहे, ठेवू द्या, कामाला येतील.’ ती ठेवली.

कार्यवाहांना फोन केला. ते माझे विद्यार्थी, आठवीत नागरिकशास्त्र माझ्याकडेच शिकलेले. फोनवर मी त्यांना अरेतुरे करतो, पत्रात तुम्ही म्हणतोय, कारण पत्र पदाला आहे. ते म्हणाले, ‘सर, विषय चांगलाच आहे हो, पण दिवस कसे आहेत बघताय ना. लोक भलता अर्थ काढतील.’ मी विचारलं, कोणता? पलीकडून कुकरच्या शिट्टीचा आवाज तेवढा आला.

माझ्या टिपणात भारतातल्या आजच्या एकाही पक्षाचं वा पुढाऱ्याचं नाव नव्हतं. व्हेनेझुएला, बांगलादेश, झिंबाब्वे, फिलिपिन्स, कंबोडिया, रशिया, तुर्कस्तान आणि १९७७ ची मुंबई, एवढाच पल्ला होता. ‘आज’ तुम्ही त्यात वाचलंत. आणि श्रोत्यांनी काढला असता अर्थ, तर काढू द्यायचा होता. मी पस्तीस वर्षं फळ्यासमोर काढली आहेत. ज्या तासाला पोरं काहीच अर्थ काढत नाहीत, तो तास फुकट गेला असं आम्ही समजायचो.

हा विषय मी हौसेने निवडला नव्हता. १९७७ साली मी एकोणीस वर्षांचा होतो. मतदानाचं वय तेव्हा एकवीस, म्हणजे मला मत नव्हतं. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. आणीबाणी लागली तेव्हा आमच्या घरी ती वर्तमानपत्रातून आली नाही, अण्णांच्या हातांतून आली. जुळवलेला मजकूर काढून टाकायला सांगितलं की खिळे परत खणांत टाकावे लागतात, एकेक अक्षर आपल्या घरात. अण्णा म्हणायचे, जुळवायला एक तास लागतो आणि सोडवायला दोन, कारण सोडवताना जीव लागत नाही.

१८ जानेवारी १९७७ ला इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या. लोकसभेची मुदत १९७६ मध्येच संपायची होती, ती दोनदा वाढवून झाली होती. विरोधकांचे कितीतरी पुढारी तोवर तुरुंगात, काही तेव्हा सुटत होते. २३ जानेवारीला जनता पक्ष उभा राहिला, म्हणजे घोषणेनंतर पाच दिवसांत. स्वतःचं चिन्हसुद्धा नव्हतं. भारतीय लोकदलाचा नांगरधारी शेतकरी उसना घेतला. आमच्या उत्तर मुंबईत मृणाल गोरे उभ्या होत्या. नांगर कधी हातात न धरलेल्या चाळीचाळींत आम्ही तो नांगरवाला खडूने काढत फिरलो. माझा नांगर छत्रीसारखा दिसायचा. एका आजीने तसं तोंडावर सांगितलंही.

तेव्हा सगळेच विचारत होते, लढताय कशाला? आणीबाणी उठलेली नाही (ती मतदान होऊन गेल्यावर, २१ मार्चला उठली), मिसा, म्हणजे विनाचौकशी तुरुंगात टाकायचा कायदा, डोक्यावर आहे, पैसा नाही, हरणार तर आहातच. हरलात की इंदिराबाई म्हणतील, बघा, लोक आमच्याच मागे आहेत. शेजारचे काका तर म्हणायचे, ही निवडणूक म्हणजे नव्या साडीला इस्त्री, बाई आतून त्याच. त्यांचं चूक होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही. तोवरचा अनुभव बघता त्यांचंच बरोबर वाटावं, अशी वेळ होती.

अण्णा मात्र महापालिकेच्या शाळेतल्या एका केंद्रावर पोलिंग एजंट म्हणून बसले. बरोबर एक चाळीस पानी वही, कानावर पेन्सिल. पेटी बंद करताना कागदी मोहोरेचा नंबर त्यांनी पहिल्या पानावर उतरवला. मग मतपत्रिका घेऊन आडोशामागे गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. बाई असेल तर रेघेखाली टिंब. मी बाहेर शंभर पावलांवर टेबल मांडून चिठ्ठ्या लिहीत होतो आणि दुपारी डबा द्यायला दारापर्यंत गेलो होतो. अण्णांनी डबा घेतला नाही. ‘नंतर’ म्हणाले आणि रेघ ओढली.

संध्याकाळी केंद्राध्यक्षांचा आकडा आणि अण्णांचा आकडा यांत दोनचा फरक पडला. अण्णांच्या दोन रेघा कमी. अण्णांचा चेहरा उतरला. केंद्राध्यक्ष कुठल्याशा शाळेतले मास्तर होते, त्यांनीच हसून सांगितलं, ‘अहो, साडेतीनला तुम्ही चहाला बाहेर गेलात ना, तेव्हाचे दोन.’ अण्णांनी शेवटच्या पानावर लिहिलं : ‘चहा – २.’ खाली सही.

मुंबईच्या सहाही जागा विरोधकांनी जिंकल्या. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, राम जेठमलानी, सुब्रमण्यम स्वामी, रतनसिंग राजदा, बी. सी. कांबळे. जॉर्ज फर्नांडिस तिकडे मुजफ्फरपूरला तुरुंगातूनच तीन लाखांहून जास्त मताधिक्याने आले. मृणालताईंना लोक पानीवाली बाई म्हणायचे, ‘पानीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा आमच्या गल्लीत पहाटेपर्यंत चालली होती. पुढे ते सरकार आपसात भांडून अडीच वर्षांत पडलं, तेही टिपणात होतं. मी कोणाची आरती ओवाळणार नव्हतो.

ती वही मी बारा वर्षांपूर्वी वाचनालयाला दिली. काचेच्या कपाटात, दुर्मीळ दिवाळी अंकांशेजारी ती होती. त्याबद्दल खाली लिहितोच.

आता तक्रारी. पहिली म्हणजे, या निर्णयाची बैठक झाली नाही. कार्यकारिणीतल्या तिघांना मी भेटलो. एकांना ग्रुपवरच कळलं, दुसरे ‘वरून ठरलं’ म्हणाले आणि तिसऱ्यांनी विषय बदलून नातवाचे मार्क सांगितले. आपल्या वाचनालयाच्या वर आता फक्त एक पाण्याची टाकी आहे. ‘वरून’ म्हणजे कोण, हे सभासदांना कळलं पाहिजे.

दुसरी, आचारसंहितेची. ग्रुपवर एका सदस्यांनी लिहिलं की निवडणुकीच्या काळात असे विषय आचारसंहितेत बसत नाहीत. निवडणुकीची ड्युटी मी डझनभर वेळा केली आहे, त्या संहितेची पुस्तिका मला तोंडपाठ आहे. ती पक्षांसाठी, उमेदवारांसाठी आणि सत्तेवर असलेल्यांसाठी आहे. मालाडमधल्या वाचनालयाने कंबोडियाबद्दल बोलू नये असं तिच्यात कुठेही नाही.

तिसरी, ‘दोन्ही बाजू’ची. मला सुचवण्यात आलं की विरोधकांची बाजू मांडायची तर सरकारची बाजू मांडणारा वक्ताही हवा. माझी हरकत नाही. कंबोडियावर वर्षानुवर्षं राज्य केलेल्या हुन सेन यांच्या बाजूने बोलणारे गृहस्थ पश्चिम रेल्वेवर कुठेही राहत असतील तर घेऊन या, चहा-बटाटेवडा माझ्याकडून.

गुडघेदुखीबद्दल तक्रार नाही. माझेही दुखतात. पण ते व्याख्यान पुढच्या शनिवारी झालं असतं तरी गुडघे तसेच असते.

आता जे तुम्ही ऐकू दिलं नाहीत, ते इथे थोडक्यात सांगतो. नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल, मास्तर काहीतरी बाँब घेऊन आले होते.

माझा प्रश्न शेजारच्या काकांचाच होता. पंच, मैदान, चेंडू सगळं समोरच्याचं असताना खेळायला उतरायचं कशाला? घरी बसलेलं बरं नाही का? हा प्रयोग करून बघितलेला आहे. व्हेनेझुएलातल्या विरोधकांनी २००५ च्या संसदीय निवडणुकीतून ऐनवेळी माघार घेतली. सगळ्याच्या सगळ्या १६७ जागा अध्यक्ष चावेझ यांच्या बाजूला गेल्या, आणि पुढची पाच वर्षं कायदे करताना त्यांना अडवायला सभागृहात कोणी उरलं नाही. बांगलादेशात २०१४ ला मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला तर ३०० पैकी १५३ जागा मतदानाआधीच बिनविरोध झाल्या. म्हणजे निम्म्याहून जास्त देशाला बोटाला शाई लावायचीही संधी मिळाली नाही. पण २०१८ ला त्यांनी लढून पाहिलं तेव्हा हातात मूठभर जागा आल्या, आणि आदल्या रात्रीच पेट्या भरल्याचे आरोप झाले. म्हणजे बसलं तरी तोटा, उतरलं तरी तोटा. तेव्हा बहिष्कार टाकणाऱ्याला मालाडच्या खुर्चीत बसून पळपुटा म्हणायची माझी तयारी नाही. झिंबाब्वेत २००८ ला अध्यक्षपदाचे विरोधी उमेदवार त्स्वांगिराई पहिल्या फेरीत पुढे होते. दुसऱ्या फेरीआधी त्यांच्या माणसांना इतकी मारहाण झाली, माणसं मेली, की मतदानाला पाच दिवस असताना त्यांनी माघार घेतली. त्यांच्या जागी असतो तर मीही घेतली असती.

तरी माझा कल उतरण्याकडे आहे. त्याचं कारण ती चाळीस पानी वही.

१९७७ साली मतमोजणी सरळ झाली. केंद्राध्यक्षांचा आकडा खरा होता, दिल्लीनेही तो मानला. म्हणून अण्णांची वही आमच्या घरची आठवण होऊन राहिली. मोजणारा खोटं बोलतो, तिथे तशीच वही पुरावा ठरते. आणि ती लिहायला माणूस केंद्रात बसलेला लागतो. घरी बसलेल्याला रेघ ओढता येत नाही.

झिंबाब्वेचंच घ्या. त्या निवडणुकीत प्रत्येक केंद्राचा निकाल केंद्राच्या दाराबाहेर लावायचा असा नियम आला होता. सत्ताधाऱ्यांना त्याचं फार काही वाटलं नसावं. विरोधकांच्या माणसांनी त्या कागदांचे फोटो काढले, बेरजा केल्या. अध्यक्षपदाचा अधिकृत आकडा यायला महिन्याहून जास्त लागला, २९ मार्चचं मतदान आणि २ मे रोजी निकाल. त्या महिनाभरात अख्ख्या देशाला साधारण काय झालंय ते ठाऊक होतं. शेवटी सरकारी आकड्यांनाही सत्तेवरचे अध्यक्ष मुगाबे मागे आहेत हे कबूल करावं लागलं. पुढे जे झालं ते वर लिहिलंच आहे. कागद माणसाला लाठीपासून वाचवत नाही, हेही मी सांगणार होतो.

फिलिपिन्समध्ये १९८६ ला मोजणीच्या संगणकांवर बसलेली मुलंमुली, त्यांत मुलीच जास्त, आपण टाकतोय ते आकडे आणि फलकावरचे आकडे जुळत नाहीत म्हणून उठून चालती झाली. त्या तर सरकारी कामावरच बसल्या होत्या. दर ड्युटीला मला त्या आठवायच्या. आपल्यावर तशी वेळ आली तर आपण उठू का? प्रामाणिकपणे सांगतो, उत्तर कधी ठरलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी व्हेनेझुएलाच्या २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीला देणार होतो. मारिया कोरिना माचादो यांनी विरोधकांची अंतर्गत निवडणूक नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकली होती, पण त्यांना निवडणूक लढवायला बंदी. त्यांनी आपल्या जागी कोरिना योरिस या वयस्क प्राध्यापिकेचं नाव दिलं, तर अर्ज भरायच्या यंत्रणेत त्यांचं नावच शिरेना. शेवटी एदमुंदो गोन्सालेस नावाचे निवृत्त मुत्सद्दी उभे राहिले. तोवर त्यांना फारसं कोणी ओळखतही नव्हतं. आता गंमत बघा. तिथे मतदान यंत्र दिवसअखेर एक लांबलचक पावती छापतं, तिच्यावर त्या केंद्राचा निकाल असतो आणि ती पक्षाच्या प्रतिनिधीला मिळण्याचा कायदा आहे. देशात सुमारे तीस हजार यंत्रं. विरोधकांनी महिनोन्‌महिने फक्त एवढंच काम केलं : प्रत्येक यंत्रापाशी आपला माणूस, आणि त्या माणसाने पावती घेतल्याशिवाय हलायचं नाही. २८ जुलैच्या रात्री निवडणूक मंडळाने सत्तेवरचे अध्यक्ष मादुरो ५१ टक्के मतांनी जिंकल्याचं सांगितलं. केंद्रवार आकडे मात्र दिलेच नाहीत. विरोधकांनी ऐंशी टक्क्यांहून जास्त पावत्या जमवून, स्कॅन करून जगासमोर टाकल्या. त्यांच्या बेरजेत गोन्सालेस यांना सुमारे ६७ टक्के होते.

गोन्सालेस यांना त्या सप्टेंबरात देश सोडून स्पेनला जावं लागलं, हेही टिपणात होतं. पण त्या रात्रीचा खरा आकडा आज कोणालाही पाहता येतो. ‘विरोधकच हरले असतील, रडतायत’ असं म्हणायची सोय त्या पावत्यांनी ठेवली नाही.

उमेदवाराला कागदावरच मारायच्या नाना तऱ्हा आहेत. त्या ऐकताना श्रोते हसले असते, हे मला माहीत आहे, वर्गातही हसायचे. कंबोडियात २०१७ च्या स्थानिक निवडणुकांत विरोधी पक्षाला चाळीस टक्क्यांच्या वर मतं पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला, ११८ जणांना पाच वर्षं राजकारणबंदी. २०१८ ला सत्ताधाऱ्यांना १२५ पैकी १२५ जागा. मग २०२३ ला दुसरा विरोधी पक्ष उभा राहिला, तर निवडणूक समिती म्हणाली, नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आणा, झेरॉक्स चालणार नाही. रेशन कार्डाच्या खिडकीवर आपण ऐकतो तेच वाक्य. पक्ष म्हणाला, मूळ कागद २०१७ च्या पोलीस झडतीतच गेला. पक्ष बाद.

रशियात सेंट पीटर्सबर्गला २०२१ मध्ये बोरीस विष्णेव्स्की नावाच्या विरोधी उमेदवारासमोर आणखी दोन बोरीस विष्णेव्स्की उभे राहिले. दोघांनीही नावं बदलून घेतलेली, आणि फोटोत दाढी-टक्कलही जुळवलेलं. नामसाधर्म्याचे अपक्ष आपल्याकडे नवे नाहीत, पण आपण अजून दाढीपर्यंत पोहोचलेलो नाही.

आणि तुर्कस्तानातलं इस्तंबूल. २०१९ ला विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोलू महापौरपदाची निवडणूक साधारण तेरा हजार मतांनी जिंकले. ती रद्द झाली. कारण काय, तर काही केंद्रांचे अध्यक्ष सरकारी नोकर नव्हते. त्या दिवशी मतदारांनी एकाच पाकिटात चार मतपत्रिका टाकल्या होत्या. त्याच पाकिटातल्या, त्याच केंद्राध्यक्षाच्या हाताखालच्या बाकीच्या तीन ग्राह्य, महापौरपदाची तेवढी बाद. ड्युटी केलेला माणूस म्हणून सांगतो, हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. फेरनिवडणूक जूनमध्ये झाली. इमामोलू आठ लाखांच्या फरकाने आले. पुढे मार्च २०२५ मध्ये त्यांच्या विद्यापीठाने त्यांची पदवी रद्द केली. अध्यक्षपदाला उभं राहायला तिथे पदवी लागते. दुसऱ्या दिवशी पहाटे अटक.

आता कोणी म्हणेल, हे सगळं कुठल्या कुठे, त्याचा आमच्या वाचनालयाशी काय संबंध? संबंध आहे. शेवटच्या काही ड्युट्यांत मी एक गोष्ट पाहिली. मतदान संपलं की किती मतं पडली याचा हिशेब केंद्राध्यक्ष एका नमुन्यात भरतो, त्याला आम्ही सतरा सी म्हणतो. त्याची सही केलेली प्रत प्रत्येक एजंटाला द्यायची असते. मी प्रती तयार ठेवायचो. घ्यायला कोणी नसायचं. सगळ्या पक्षांचे एजंट, जिंकणारे आणि हरणारे दोन्ही, पाचलाच वडापावच्या गाडीवर. एकदा तर मी एका पोराला गाडीवर जाऊन प्रत दिली. त्याने तिच्यावर वडा ठेवला. व्हेनेझुएलाच्या राजधानीत, काराकासमध्ये, ज्या कागदासाठी माणसं रात्रभर केंद्राच्या दारात उभी राहिली, तो इथे मी तेलकट होताना पाहिलाय. मला शनिवारी हे सांगायचं होतं. यात कोणत्या पक्षाला काय टोचलं असतं?

चौथी तक्रार आता. व्याख्यान रद्द झाल्यावर गुरुवारी मी वाचनालयात गेलो, तर काचेच्या कपाटात वहीची जागा रिकामी. तिथे आता एक ट्रॉफी आहे, रांगोळी स्पर्धेची. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, रंगकाम काढलंय म्हणून हलवली. ट्रॉफीला रंग लागत नाही वाटतं. त्यांना मी काही बोललो नाही, त्या नोकरीच्या बाई, त्यांना कशाला अडचणीत आणायचं. पण माळ्यावर चढून बघितलं. वही जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात होती, सुतळीने बांधलेली. सुतळीचा काच पहिल्या पानावर, मोहोरेच्या नंबरावर उमटलाय.

व्याख्यान गेलं त्याचा राग दोन दिवसांत उतरला असता. हे नाही उतरत. वाचनालयाने वही मागून घेतली होती. तेव्हाच्या अध्यक्षांनी शाल दिली होती, अण्णांच्या फोटोला हार घातला होता. व्याख्यान नको असेल तर नको म्हणा. पण माझं बोलणं आवडलं नाही म्हणून अण्णांच्या रेघा माळ्यावर टाकायच्या, हे कुठल्या ठरावाने झालं?

तुम्ही कोणाला घाबरलात, हे मी विचारत नाही. मला वाटतं, कोणी काही म्हटलेलंच नाही. कोणाचा फोन नाही, पत्र नाही. कोणी काही म्हणेल या धास्तीने तुम्ही स्वतःच उठून दिवा मालवलात. छापखान्यात अण्णांना असली माणसं भेटायची. सेन्सॉरकडून लाल खूण यायच्या आधीच ‘हे काढून टाक रे’ म्हणणारी. अण्णांना त्यांचा राग नव्हता, ते म्हणायचे, पोरंबाळं आहेत त्यांना. पण दुर्गाबाई भागवत १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. पुढच्या वर्षी पोलिसांनी त्यांना नेलं ते एशियाटिकमधून, म्हणजे ग्रंथालयातूनच. त्यांचा फोटो आपल्या जिन्यात आहे. रोज संध्याकाळी तुम्ही त्याखालून जाता.

मागण्या अशा. या निर्णयाची कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंद करा, कोणी ठरवलं आणि का, हे दोन ओळींत लिहून सूचना फलकावर लावा. ‘अपरिहार्य’ हा शब्द त्यात नको. व्याख्यानाला नवी तारीख द्या. निवडणूक झाल्यावर दिलीत तरी चालेल, तुम्हाला ती सोय हवी असेल तर मी अडून बसत नाही, पण तारीख लेखी द्या. सभागृहाचं भाडं मी भरतो, नारळही वाचवा. व्याख्यानानंतर तासभर प्रश्नोत्तरं ठेवा. ज्यांना माझं म्हणणं एकांगी वाटतं त्यांनी पहिल्या रांगेत बसावं. एकदा पत्रक निघालेला कार्यक्रम बैठकीशिवाय रद्द होणार नाही, असा नियम येत्या सर्वसाधारण सभेत आणा. मी तो मांडतो, अनुमोदक तयार आहेत.

आणि वही. ती आठ दिवसांत त्याच कपाटात, त्याच जागी. ट्रॉफी शेजारी राहू द्या, माझी हरकत नाही. जमत नसेल तर वही मला परत करा. देणगीची पावती माझ्याकडे आहे. मूळ आहे, झेरॉक्स नाही.

यातलं काही झालं नाही तर मी कोर्टात जाणार नाही, पेपरात ओरडणार नाही, सभासदत्वही सोडणार नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पन्नास खुर्च्या मावतात. सेक्रेटरींनी होकार दिलाय, फक्त दहाच्या आत आवरा म्हणाले, खालच्या मजल्यावर दहावीची मुलगी आहे. व्याख्यान तिथे होईल.

शनिवारी सहाला मी वाचनालयात येतोच आहे, दोन पुस्तकं परत करायची आहेत. गुडघेदुखीच्या व्याख्यानालाही बसेन, जिना चढून झाल्यावर.

आपला,
एक आजीव सभासद व निवृत्त शिक्षक,
मालाड (पश्चिम), मुंबई